शत्रूची तोफ नेमकी कुठे आहे? साउंड रेंजिंगपासून स्वाती रडारपर्यंत

दुर्बीण (धागाकर्ता)

युद्धावरच्या चर्चेत रणगाडे आणि विमानांवर भरपूर लिहिलं जातं. समोरच्याची तोफ शोधून ती गप्प करण्याच्या शास्त्राबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा. पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करतो, कारण आजची जवळजवळ प्रत्येक पद्धत त्या चार वर्षांत कुठल्या ना कुठल्या रूपात सापडते.

१९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडी खंदकांत रुतली. तोफा टेकडीच्या किंवा झाडीच्या मागे, खंदकांपासून काही किलोमीटर आत. तोफ लक्ष्याला पाहत नाही आणि लक्ष्य तोफेला. गोळे मात्र अचूक येतात, कारण पुढे बसलेला निरीक्षक टेलिफोनवरून दुरुस्त्या सांगतो. अशी तोफ शोधायला तिच्या तीनच खुणा हाताशी होत्या: आवाज, रात्रीचा लखलखाट, आणि वरून दिसणारी जागा किंवा जमिनीवरचे चाकांचे माग.

आवाजावरून तोफ शोधण्याचं काम, म्हणजेच साउंड रेंजिंग, आधी फ्रेंचांनी सुरू केलं. खगोलशास्त्रज्ञ शार्ल नॉर्दमान आणि पॅरिसच्या मारे संस्थेतले ल्युसियन बुल यांनी तारेच्या गॅल्व्हनोमीटरवर (बारीकसा विद्युतप्रवाह दाखवणारं उपकरण) चालणारं, मायक्रोफोनवर आलेले आवाज फिल्मवर नोंदणारं यंत्र उभं केलं. ते शिकून ब्रिटिश सैन्यात आणण्यासाठी १९१५ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांना फ्रान्सला पाठवलं. त्याच वर्षी त्यांना वडिलांसोबत क्ष-किरण आणि स्फटिकांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. वय २५. बेल्जियममधल्या ईप्रच्या दक्षिणेला केमेल टेकडीच्या परिसरात त्यांचं पहिलं केंद्र लागलं.

आणि ते नीट चालेना. जलदगती तोफेचा गोळा आवाजापेक्षा वेगाने जातो, त्यामुळे त्याच्या नाकावरच्या आघात-लाटेचा कडाका आधी पोचतो आणि तोफेच्या तोंडचा जड, खोल धमाका मागून येतो. जागा सांगतो तो दुसरा आवाज. कार्बन मायक्रोफोन नेमका कडाक्याला, रायफलींना आणि माणसांच्या बोलण्याला जोरात दाद द्यायचा, धमाक्याला जेमतेम. फिल्मवर सगळं दिसायचं, हवं ते सोडून.

तरंग

धागा काढल्याबद्दल धन्यवाद. ही अडचण सोडवणाऱ्या टकरचा भाग मी पुरा करतो.

धमाक्याची वारंवारता इतकी खालची असते की कानाला तो फार मोठा वाटत नाही, पण दाबातला बदल मोठा असतो. ब्रॅगना हे राहत्या जागेच्या शौचालयात जाणवलं. बंद खोली, बाहेरच्या हवेशी संबंध फक्त बैठकीखालच्या नळातून. जवळची सहा इंची तोफ उडाली की बसलेल्या माणसाला खालून उचलल्यासारखं व्हायचं. कॉर्पोरल विल्यम टकर हे इम्पीरियल कॉलेजमधून आलेले भौतिकशास्त्रज्ञ. ते डांबरी कागदाच्या झोपडीत झोपायचे, आणि तोफ उडाली की भिंतीच्या भोकातून थंड हवेची झुळूक चेहऱ्यावर यायची. तापलेली बारीक तार हवेच्या झोताने थंड होते आणि तिचा रोध बदलतो, हे त्यांना पूर्वीच्या कामातून ठाऊक होतं.

यातून उष्ण-तार मायक्रोफोन जन्माला आला. एक बंद डबा, सुरुवातीला चक्क दारूगोळ्याची रिकामी पेटी किंवा रमची बरणी. तिला एक भोक, भोकावर प्लॅटिनमची अतिशय बारीक तार, तारेतून ती तापेल इतका प्रवाह. धमाक्याची दाबलाट आली की हवा भोकातून आतबाहेर जाते, तार गार होते, रोध उतरतो. तार व्हीटस्टन ब्रिजच्या (रोधातला बारीक फरक टिपणाऱ्या जोडणीच्या) एका भुजेत जोडलेली असल्याने ब्रिजचा तोल जातो आणि गॅल्व्हनोमीटरची तार हलते. कडाका आणि रायफल यांच्या लाटा उंच वारंवारतेच्या, दिशा पटापट बदलणाऱ्या. त्यांच्याने भोकातून हवा म्हणावी तशी हलत नाही, त्यामुळे तार त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. जून १९१६ मध्ये हा प्रयोग यशस्वी झाला आणि फिल्मवर धमाक्याचा खळगा, म्हणजे रेघेतलं खोलगट वळण, स्वच्छ दिसू लागला.

पूर्ण मांडणी अशी होती: साधारण ८ किलोमीटरच्या पट्ट्यावर सहा मायक्रोफोन, प्रत्येकाची जागा मोजणीदारांनी मीटरभरात पक्की केलेली. प्रत्येकाची वेगळी तार केंद्रापर्यंत. केंद्रात सहा तारांचा गॅल्व्हनोमीटर, त्यांच्या सावल्या सरकत्या सिनेफिल्मवर. प्रकाशाच्या वाटेत ट्यूनिंग फोर्कने नियंत्रित फिरतं आरेदार चाक, त्यामुळे फिल्मवर दर १/१०० सेकंदाला एक उभी रेघ. फिल्म सतत चालवली तर पुरणार नाही, म्हणून मायक्रोफोनच्या पुढे एक निरीक्षक. त्याने धमाका ऐकला की कळ दाबायची, आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचेस्तोवर केंद्रातली फिल्म सुरू झालेली असते. फिल्म लगेच धुऊन खळगे वाचायचे, आणि काही मिनिटांत बॅटरीची, म्हणजे एकत्र मारा करणाऱ्या तोफांच्या गटाची, जागा नकाशावर.

मायक्रोफोन सुरुवातीला जागा मिळेल तसे लावत. पुढे वर्तुळाच्या कमानीवर समान अंतराने लावू लागले. याचा फायदा फिल्म वाचणाऱ्याला होतो. एकाच तोफेचे सहा खळगे मग गुळगुळीत वक्रावर पडतात, आणि दहा तोफांच्या गर्दीतूनही कुठले सहा एकमेकांचे ते नजरेने ओळखता येतं.

कोनमापक

आकडे टाकल्याशिवाय याची गंमत कळत नाही, म्हणून एक सोडवलेलं उदाहरण देतो.

दोन मायक्रोफोन, अंतर १५०० मीटर. ध्वनीचा वेग ३४० मीटर प्रतिसेकंद धरू. एका ठिकाणी धमाका १.५ सेकंद उशिरा आला. म्हणजे तोफेपासूनच्या दोन अंतरांत ५१० मीटरचा फरक. ज्या ज्या बिंदूंसाठी हा फरक ५१० आहे ते सगळे एका अपास्तावर, म्हणजे हायपरबोलावर येतात. तोफ लांब असेल तर अपास्ताऐवजी त्याची अनंतस्पर्शी रेषा चालते. जोडीच्या मध्यबिंदूतून, पायारेषेवरच्या (दोन मायक्रोफोन जोडणाऱ्या रेषेवरच्या) लंबापासून तिचा कोन: ५१० भागिले १५०० म्हणजे ०.३४, तो ज्याचा साइन आहे तो कोन जवळपास २० अंश.

सहा मायक्रोफोनच्या लागोपाठ पाच जोड्या, म्हणून पाच रेषा. फळ्यावर प्रत्येक मध्यबिंदूला दोरा, कडेला वेळेच्या फरकाची पट्टी. पाच दोरे ताणले की त्यांनी एका जागी भेटायला हवं. घट्ट भेटले तर वाचन चांगलं. एक दोरा बाहेर गेला तर त्या जोडीतला खळगा चुकीचा वाचलाय किंवा तो दुसऱ्याच तोफेचा आहे. तीन मायक्रोफोनवर उत्तर निघतं, पण ते बरोबर आहे की नाही हे कळायला उरलेले तीन लागतात. तोफ जवळ असेल तर अनंतस्पर्शी रेषा आणि खरा अपास्त यांतला फरक तक्त्यावरून काढून दुरुस्त करायचा.

आता चुका. वेळ वाचण्यात १/१०० सेकंदाची चूक म्हणजे ३.४ मीटर. वरच्या उदाहरणात त्याने कोन सुमारे ०.००२४ रेडियन हलतो आणि ८ किलोमीटरवर आडवी चूक १९ ते २० मीटर. हे ठीक आहे. पण तापमान १० अंशांनी चुकीचं धरलं तर? ध्वनीचा वेग प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण ०.६ मीटर प्रतिसेकंद बदलतो, म्हणजे ६ चा फरक. ५१० मीटरच्या जागी ९ मीटर इकडेतिकडे, आणि ८ किलोमीटरवर ५० मीटरची चूक. घड्याळाच्या चुकीपेक्षा थर्मामीटरची चूक अडीचपट महाग.

रानवारा

आणि वाऱ्याची त्याहून महाग, @कोनमापक. ८ किलोमीटर यायला आवाजाला २३.५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात सगळी लाट वाऱ्याबरोबर वाहते. ५ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा, म्हणजे पानं हलतील इतकाच, तरी लाटेचं केंद्र ११७ मीटर वाऱ्याच्या दिशेला सरकलेलं. नकाशावर तोफ तितकी सरकलेली दिसते. म्हणून उत्तर वाऱ्याच्या उलट दिशेला तेवढं मागे घ्यावं लागतं. दुरुस्ती केली नाही तर प्रत्युत्तराचे गोळे रिकाम्या शेतात.

यात अडचण ही की जमिनीवरचा वारा मोजून भागत नाही. आवाज वरच्या थरांतूनही वळून येतो आणि तिथला वारा वेगळा असतो. यावर आघाडीमागे स्वतंत्र पथकं उभी केली. ती माहीत असलेल्या जागी ठरावीक वेळाने स्फोट करायची आणि मायक्रोफोनच्या रांगेवर आवाज प्रत्यक्ष किती वेळात पोचतो ते मोजायची. तापमान आणि वारा वेगळे काढत बसण्यापेक्षा दोन्हींचा एकत्र परिणामच हाती येतो. मला या सगळ्या कामातला हा सर्वांत शहाणा भाग वाटतो.

दुसरी गोष्ट, वाऱ्याविरुद्ध येणारा आवाज वर वळतो. उंची वाढते तसा वारा वाढतो, म्हणून लाटेचा वरचा भाग मागे पडतो आणि आवाज डोक्यावरून निघून जातो. फ्लँडर्समध्ये वारा बहुधा पश्चिमेकडून, आणि जर्मन तोफा पूर्वेला. म्हणजे ब्रिटिशांना निसर्गच प्रतिकूल. उन्हात तापलेल्या जमिनीवरही असंच होतं. रात्री थंड हवेचा थर खाली बसला, धुकं पडलं, हलका पूर्वेचा वारा असला की सर्वांत चांगल्या फिल्म मिळायच्या.

दुर्बीण

@रानवारा, याचा पुरावा समोरच्या बाजूनेच दिला आहे. १९१७ मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागलेल्या एका जर्मन आदेशाचा आशय असा: इंग्रजांचं साउंड रेंजिंग उत्तम आहे, म्हणून आघाडी शांत असताना, विशेषतः पूर्वेचा वारा असताना, एकट्या बॅटरीने मारा करू नये. करावाच लागला तर शेजारच्या बॅटरीलाही सोबत उडवायला सांगावं. ज्यांनी वाऱ्याचं नाव घेऊन आदेश काढला त्यांना पलीकडे काय चाललंय ते नेमकं कळलं होतं.

सुलेखा_प

एक शंका. तोफेचा आवाज फिल्मवर आला, जागा कळली. पण ती ७७ मिलिमीटरची हलकी तोफ की १५० ची हॉवित्झर (उंच कमानीने गोळा टाकणारी तोफ), हे कसं ओळखायचे? प्रत्युत्तराला काय आणि किती गोळे वापरायचे ते त्यावरच ठरणार ना?

तरंग

@सुलेखा_प, दोन-तीन खुणा असतात. तोफ जितकी मोठी तितका धमाका खालच्या वारंवारतेचा, म्हणून खळगा रुंद आणि संथ. वाचणाऱ्याची नजर बसली की आकारावरून अंदाज येतो. दुसरी खूण कडाक्याची: तो धमाक्याच्या आधी आला तर जलदगती तोफ. कमी चार्जवर (कमी दारूवर) उडवलेल्या हॉवित्झरचा गोळा आवाजापेक्षा मंद असेल तर कडाका येतच नाही. तिसरी सर्वांत भरवशाची. त्याच फिल्मवर गोळा फुटल्याचाही आवाज पकडला तर फुटण्याची जागा निघते. उडाल्याची आणि फुटल्याची वेळ यांवरून गोळा हवेत किती वेळ होता ते कळतं. अंतर आणि उड्डाणकाळ माहीत झाले की तोफेच्या तक्त्यात जुळणारी नोंद शोधायची.

यातूनच आणखी एक उपयोग निघाला. आपल्या तोफेचा गोळा शत्रूच्या बॅटरीवर फुटला की तोही आवाज त्याच सहा मायक्रोफोनवर येतो. त्याची फिल्म शत्रूच्या धमाक्याच्या फिल्मशी ताडून बघायची. दोन्ही आवाज एकाच हवेतून, जवळपास एकाच वाटेने आलेले, त्यामुळे वारा-तापमानाची चूक दोन्हींत सारखीच आणि वजाबाकीत निघून जाते. सहाही वेळा जुळेपर्यंत तोफेला दुरुस्ती सांगत राहायचं.

बिघाडांबद्दल: सर्वांत मोठी डोकेदुखी मायक्रोफोन नव्हतेच, तारा होत्या. प्रत्येक केंद्राला कित्येक किलोमीटर तार, आणि ती गोळ्यांनी रोज तुटणार. तार जोडणाऱ्यांचं पथक अखंड कामाला. त्यानंतर मायक्रोफोनवरचा वारा. भोकावरून वाहणारी झुळूक तारेला गार करते आणि सावली नाचत राहते, म्हणून मायक्रोफोन खड्ड्यात ठेवून भोवती जाळी किंवा फांद्यांचं कुंपण. शेवटचा बिघाड असा की ज्याला इलाज नव्हता: मोठा भडिमार सुरू झाला की शेकडो धमाके एकमेकांत मिसळतात आणि फिल्म वाचता येत नाही. लढाईच्या ऐन भरात साउंड रेंजिंग आंधळं होतं. त्याची कमाई आधीच्या आठवड्यांतली.

नकाशेवाला

इथे फ्लॅश स्पॉटिंग, म्हणजे लखलखाटावरून तोफ शोधणं, यायलाच हवं. चार निरीक्षण चौक्या, प्रत्येकीत कोन मोजणारी दुर्बीण. लखलखाट दिसला की दिशा वाचायची आणि चार दिशा नकाशावर छेदल्या की तोफ सापडली. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात रात्री क्षितिजावर एका मिनिटात पन्नास लखलखाट असतात, आणि चार चौक्या चार वेगळ्या तोफांच्या दिशा सांगत बसतात. छेदबिंदू मिळतो, पण त्या जागी काहीच नसतं.

यावर ब्रिटिश सैन्यातले अधिकारी हॅरल्ड हेमिंग यांनी काढलेला फ्लॅश अँड बझर बोर्ड अगदी साधा आहे. प्रत्येक चौकीला एक कळ, केंद्रात प्रत्येक कळीचा दिवा. एक चौकी तोफ निवडते आणि तिची ढोबळ दिशा बाकीच्यांना सांगितली जाते. प्रत्येकाने आपल्या तोफेचा लखलखाट दिसताच कळ दाबायची. चारही दिवे त्याच क्षणी, फेरीमागून फेरी एकत्र लागले तर सगळे एकच तोफ बघताहेत. एक दिवा मागेपुढे लागला तर त्याला दुसरी तोफ शोधायला सांगायचं. दिवे जुळल्यावरच दिशा वाचायच्या.

तोफ टेकडीआड असली तर लखलखाटाऐवजी आभाळावरची चमक दिसते, आणि तिथे दिशा ढोबळ होते. धुक्यात तर काहीच नाही. म्हणजे साउंड रेंजिंगला जी हवा चांगली तिच्यात हे बंद, आणि जोराच्या वाऱ्यात ते बंद असताना हे चालू. त्यामुळे दोन्ही एकाच कंपनीत ठेवले, फील्ड सर्व्हे कंपनीत. नकाशे बनवणारेही तिथेच. हा योगायोग नाही. मायक्रोफोन, चौकी, आपली तोफ आणि शत्रूची तोफ एकाच अचूक ग्रिडवर नसतील तर वरची सगळी गणितं फुकट आहेत.

जर्मनांनी लखलखाट कमी करायला दारूच्या पिशवीसोबत पोटॅशियमचे क्षार घातले. चमक दबते खरी, पण धूर वाढतो, म्हणून रात्री उपयोगाचं आणि दिवसा उलट जागा उघडी पाडणारं. खोटे लखलखाट करण्याचे प्रयोगही झाले. खोट्या लखलखाटाला जुळणारा धमाका फिल्मवर नसतो, तिथे ते पकडले जात.

हवाईटेहळणी

विमानांशिवाय हे चित्र अपुरं राहील. १९१५ पासून ब्रिटिश विमानांतून स्पार्क वायरलेसने तोफांना दुरुस्त्या सांगत. विमानातून मोर्सने फक्त पाठवता यायचं, घेता येत नव्हतं. जमिनीवरून उत्तर कापडाच्या पट्ट्या पसरून. म्हणून संदेश जितका छोटा तितका बरा, आणि त्यासाठी घड्याळाची संकेतपद्धत. लक्ष्य म्हणजे तबकडीचं केंद्र, १२ म्हणजे उत्तर. केंद्राभोवती कल्पित वर्तुळं, त्यांना अक्षरं: वाय १० यार्ड, झेड २५, ए ५०, बी १००, सी २००, डी ३००, ई ४००, एफ ५००. गोळा लक्ष्याच्या पूर्वेला शंभर यार्डांवर पडला तर "बी ३" एवढंच. शत्रूची बॅटरी प्रत्यक्ष मारा करताना दिसली तर "एनएफ" हा संकेत आणि जागा. तो ऐकला की त्या भागावर नेमलेल्या तोफा पुढच्या परवानगीची वाट न बघता मारा करत.

विमानाची कमजोरी अशी की ते वर आलं की शत्रूची तोफ गप्प बसते. अर्थात तेवढा वेळ ती गप्प असणं हाही फायदाच.

कोनमापक

सगळ्या पद्धतींची माहिती एका टेबलावर येणं, हा टप्पा मला यंत्रांहून मोठा वाटतो. प्रत्येक ब्रिटिश कोअरमध्ये (अनेक डिव्हिजनच्या मोठ्या फौजेत) काउंटर-बॅटरी, म्हणजे शत्रूच्या तोफांवरच्या प्रतिमाऱ्याच्या कामासाठी, एक स्टाफ ऑफिसर नेमला गेला. त्याच्याकडे प्रत्येक शत्रू-बॅटरीला एक क्रमांक आणि नोंद: जागा, ती कोणी कधी टिपली, तोफा कुठल्या, कशावर मारा करते, शेवटची कधी बोलली. एकाच जागेला आवाज, लखलखाट आणि हवाई छायाचित्र अशा तिन्हींची साक्ष मिळाली की ती पक्की.

कॅनेडियन कोअरमध्ये हे काम अँड्र्यू मॅकनॉटन यांच्याकडे होतं, पेशाने इंजिनियर. ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समधल्या विमी रिजवर हल्ला झाला, तेव्हा समोरच्या अंदाजे २१२ जर्मन तोफांपैकी ८३ टक्क्यांची जागा आधीच काढलेली होती. ८ ऑगस्ट १९१८ ला आमियँला पहाटे ४:२० ला मारा सुरू झाला तेव्हा ५३० पैकी ५०४ तोफा माहीत होत्या. हल्ला सुरू होताच त्यांच्यावर गोळे पडू लागले. प्रत्येक तोफ मोडायची गरज नसते. त्या दोन-तीन तासांत गोलंदाजांना तोफेजवळ उभं राहू दिलं नाही तरी पायदळाचं काम होतं. यासाठी विषारी वायूचे गोळे सर्रास वापरले गेले, कारण मुखवटा घालून गोळे भरण्याचा वेग पार बसतो. या शास्त्राची ही काळी बाजू लिहायला हवी.

नकाशेवाला

@कोनमापक, आमियँच्या आधी कॉंब्रेची लढाई सांगायला हवी. २० नोव्हेंबर १९१७, ब्रिटिशांच्या १००३ तोफा, आणि हल्ल्याआधी एकीनेही चाचणीचे गोळे टाकले नाहीत. त्याआधी प्रत्येक तोफ दोन-चार गोळे टाकून नेम पक्का करायची आणि त्यातूनच हल्ला येतोय हे समोरच्याला कळायचं. चाचणीशिवाय पहिला गोळा लागायला पाच गोष्टी लागतात: लक्ष्याची अचूक जागा, आपल्या तोफेची अचूक जागा, त्या विशिष्ट तोफेचा आणि त्या खेपेच्या दारूचा प्रत्यक्ष वेग, वरच्या हवेची ताजी नोंद, आणि हे सगळं बसवणारं बिनचूक गणित. झिजलेल्या नळीचा गोळा नव्या नळीपेक्षा हळू जातो, म्हणून प्रत्येक तोफेचा वेग वेगळा मोजून ठेवावा लागतो. पाचांतली एक चुकली तरी गोळा भलतीकडे.

सह्यकडा

उत्तम चाललंय. रडारकडे वळू का?

दुसऱ्या महायुद्धात मॉर्टर (उखळी तोफ) हा मोठा प्रश्न झाला. मॉर्टरचा आवाज दबका, लखलखाट जवळजवळ नाही, आणि तो ओढ्यात लपतो. पण त्याचा बॉम्ब उंच आणि तुलनेने हळू जातो, म्हणून रडारला तो दिसतो. युद्धानंतर खास यासाठीची रडारं आली. ब्रिटिश ग्रीन आर्चर आणि नंतरचं सिंबेलिन यांची पद्धत समजायला सोपी आहे. अरुंद किरण आडवा वेगाने फिरवायचा. बॉम्ब त्यातून गेला की पडद्यावर एक ठिपका. लगेच किरण थोडा वर उचलायचा, बॉम्ब पुन्हा कापतो, दुसरा ठिपका. दोन ठिकाणं आणि त्यांमधला वेळ मिळाला की मार्ग मागे वाढवून जमिनीला भिडवायचा. ठिपक्यांवर खूण करणारा माणूस असायचा, म्हणून एकाच वेळी चार मॉर्टर बोलू लागले की त्याची धांदल.

पुढची पिढी अमेरिकन फायरफाइंडर: जवळच्या मॉर्टरसाठी एक्स बँडवरचं (बँड म्हणजे रडार-लहरींचा वारंवारता-पट्टा) टीपीक्यू-३६ आणि लांबच्या तोफांसाठी एस बँडवरचं टीपीक्यू-३७. यात अँटेना स्थिर, किरण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ९० अंशांत फिरतो. क्षितिजाच्या थोडं वर किरणांचं जणू कुंपण उभं राहतं. काही कापून गेलं की त्यावर लगेच दुसरा किरण टाकून तो पक्षी आहे की गोळा हे ठरवायचं, मग काही सेकंद माग काढायचा.

सुलेखा_प

कारगिलमध्ये आपल्याकडे अशी रडारं नव्हती म्हणतात. बरोबर का? आणि डोंगरात ती चालतात का?

सह्यकडा

@सुलेखा_प, सिंबेलिन होती, म्हणजे मॉर्टरची. लांब पल्ल्याच्या तोफा शोधणारी नव्हती, आणि पाकिस्तानकडे टीपीक्यू-३६ होती. श्रीनगर-लेह रस्त्यावर द्रास-कारगिल पट्ट्यात उंचावरच्या पाकिस्तानी निरीक्षकांना रस्ता थेट दिसत होता आणि त्यांच्या तोफा पलीकडच्या उतारावर. आपल्या तोफखान्याने त्या युद्धात अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट टाकले. त्यानंतर अमेरिकेकडून १२ टीपीक्यू-३७ घेतली, आणि डीआरडीओच्या बंगळुरूच्या एलआरडीई प्रयोगशाळेने भारत इलेक्ट्रॉनिक्ससोबत स्वाती बनवलं. त्याचं मूळ आकाश क्षेपणास्त्राच्या राजेंद्र रडारमध्ये आहे. जाहीर पल्ला: ८१ मिलिमीटर मॉर्टर २ ते २० किलोमीटर, १०५ आणि मोठ्या तोफा २ ते ३० किलोमीटर, रॉकेट ४ ते ४० किलोमीटर. एका वेळी सात मार्गांचा माग. २०१७ मध्ये लष्कराकडे दिलं, २०२० मध्ये आर्मेनियाला चार विकली, आणि मार्च २०२३ मध्ये मैदानी भागासाठी आणखी १२ चा ९९० कोटींवरचा करार झाला. तोफखान्यातली ही शोधशाखा म्हणजे साटा (सर्व्हेलन्स अँड टार्गेट ॲक्विझिशन) रेजिमेंट. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी हे तोफखान्याचं मुख्य प्रशिक्षण केंद्र.

डोंगराचा प्रश्न खरा गहन आहे. रडार गोळ्याचा मार्ग मागे वाढवतं, पण कुठे थांबायचं? जिथे जमीन लागते तिथे. म्हणजे तोफेच्या जागेची उंची माहीत हवी. गोळा ४५ अंशांत चढत असेल आणि उंची १०० मीटरने चुकली तर जागा १०० मीटरने चुकते. २० अंशांत चढत असेल तर तीच चूक २७५ मीटरची. तोफ आपण धरली त्याहून वरच्या खडकावर असेल तर उत्तर तिच्या मागे, आपल्यापासून लांब पडतं. सपाट पंजाबात हा प्रश्न येत नाही. द्रासमध्ये अर्ध्या किलोमीटरवर उंची शेकड्यांनी बदलते, त्यामुळे अंकीय उंची-नकाशा रडारइतकाच महत्त्वाचा. उत्तर काढलं की त्या जागेची उंची नकाशावरून घ्यायची, पुन्हा मार्ग तिथवर वाढवायचा, आणि उत्तर स्थिर होईपर्यंत हे चालू ठेवायचं.

शिवाय मधल्या कड्यामुळे गोळा खूप वर चढल्यावरच दिसतो. पाहिलेला तुकडा छोटा, मागे वाढवायचा भाग मोठा, म्हणून चूक फुगते.

रानवारा

आणि काहीच यंत्र नसेल तेव्हा गोळ्याचा खड्डा वाचायचा. जगभर आजही शिकवतात. सपाट आणि मऊ जमिनीवरचा ताजा खड्डा निवडा. कमी कोनाने आलेल्या गोळ्याचा टोकावरचा फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) स्फोटानंतर पुढे घुसून एक चर पाडतो. सुटी माती हाताने काढा, चराचा आकार मोडू नका. एक खुंटी खड्ड्याच्या मध्यात, दुसरी चरात. चराकडून मध्याकडे पाहिलं की नजर तोफेच्या दिशेला. होकायंत्र खुंट्यांच्या रेषेतच, पण तुकड्यांपासून लांब ठेवा, नाहीतर लोखंड सुई फिरवतं. चर नसेल तर दोन्ही बाजूंना उडालेल्या मातीचे पंख दिसतात. मध्यापासून सारख्या अंतरावर दोन्ही पंखांत खुंट्या ठोका आणि कोन दुभागा. तुकडे जमा करून ठेवा, त्यांवरून कॅलिबर (तोफेच्या नळीचा व्यास) कळतं.

एका खड्ड्यावर विसंबू नका. आसपासच्या अनेक खड्ड्यांची सरासरी घ्या, कारण दगडावर आपटलेला किंवा उताराने वळलेला एक खड्डा फसवतो. आणि ५० मिल्सची (मिल हे कोनाचं लष्करी एकक) चूक ६ किलोमीटरवर ३०० मीटर होते, म्हणून एकमेकांपासून लांबच्या दोन-तीन जागांहून दिशा काढून त्या छेदाव्या लागतात.

अग्निपथ_वाचक

एवढं रडार आल्यावर मायक्रोफोनला आता काय अर्थ? इतिहास म्हणून ठीक, पण युक्रेनमध्ये सगळं रडार आणि ड्रोनवर चाललंय.

तरंग

@अग्निपथ_वाचक, असहमत. रडार किरण टाकतं, म्हणजे स्वतः ओरडतं. त्याची दिशा काढणारी उपकरणं समोरच्याकडे आहेत, आणि सापडलेलं रडार हे तोफेहून मोलाचं लक्ष्य. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची अशी रडारं ड्रोन आणि रॉकेटनी फुटली आहेत. मायक्रोफोन काहीच पाठवत नाही. रशियाची पेनिसिलिन प्रणाली जमिनीत ठेवलेले ध्वनिसंवेदक आणि उष्णता टिपणारे कॅमेरे मिळून चालते, म्हणजे १९१७ च्या साउंड रेंजिंग आणि फ्लॅश स्पॉटिंगचीच जोडी. फिल्मच्या जागी संगणक आला, वारा आणि तापमान तिथेच आहेत.

सह्यकडा

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. आवाज ८ किलोमीटरला २३ सेकंद घेतो, १५ ला ४४. रडार गोळा हवेत असतानाच जागा सांगतं. स्वीडनची आर्चर तोफ शेवटच्या गोळ्यानंतर साधारण अर्ध्या मिनिटात जागा सोडते, तिच्यापुढे हे सेकंद मोलाचे. म्हणून आवाजाने किंवा निरीक्षकाने इशारा दिला की रडार थोड्या वेळासाठी चालू करायचं, दोन-चार मार्ग टिपायचे, बंद करायचं आणि जागा बदलायची.

सुलेखा_प

म्हणजे पळणाऱ्या तोफेवर प्रत्युत्तराचा गोळा पोचेपर्यंत ती निघून गेलेली असणार. मग जागा कळून उपयोग काय?

कोनमापक

@सुलेखा_प, एका जागेचा कमी, दहा जागांचा खूप. नोंदी नकाशावर ठेवल्या की दिसतं: तोफ कुठल्या रस्त्याने येते, कुठल्या झाडीत थांबते, गोळे भरायला कुठे जाते. ओढायच्या तोफेला तर आवरून निघायला कितीतरी मिनिटं लागतात, ती सापडतेच. आणि जिला दर तीन-चार गोळ्यांनंतर पळावं लागतं ती तासाला किती गोळे टाकणार? मॅकनॉटनच्या टेबलावरच्या नोंदीत "शेवटची कधी बोलली" हा रकाना त्याचसाठी होता.